एचआयडी टॉर्चचा झोत निळा, हिरवा किंवा गुलाबी का पडतो

झोताचा रंग बिघडला की बहुतेक जण थेट नवा बल्ब मागवतात. बऱ्याचदा दोष बल्बपर्यंत पोहोचणाऱ्या वॅटमध्ये असतो, आणि तो तपासायला पैसे लागत नाहीत.

एचआयडी बल्ब म्हणजे तापलेल्या तारेऐवजी वायूत पेटणाऱ्या विजेच्या ठिणगीने उजळणारा बल्ब. त्याच्या क्वार्ट्झच्या नळीत झेनॉन वायू आणि सोडियम, स्कँडियम यांचे आयोडाइड क्षार असतात. डी1, डी2 या बल्बच्या प्रमाणित जातींत पाराही असतो. चालू करताच दिसतो तो झेनॉनचा निळसर पांढरा प्रकाश, मग पाऱ्याची निळी-हिरवी झाक. क्षार वितळून त्यांची पुरेशी वाफ झाली की रंग 4200 केल्व्हिनच्या (पांढऱ्या प्रकाशाची छटा मोजायचं एकक; आकडा कमी तितका प्रकाश पिवळा) आसपास स्थिरावतो. त्यामुळे निदान दोन मिनिटं बल्ब तापू द्या, टॉर्च आडवा ठेवा, पांढऱ्या भिंतीवर झोत टाका आणि मगच मत बनवा. फोनने फोटो काढून तुलना करायची असेल तर व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर पक्का करा, नाहीतर ऑटोवर कॅमेराच रंग बदलून दाखवतो.

दोन मिनिटांनंतरही अख्खा झोत निळसर-हिरवा असेल, तर नळी पुरेशी तापत नाहीये. 35 वॅटच्या बल्बसाठी 85 टक्के कार्यक्षमतेचा बॅलास्ट (बॅटरीची वीज बल्बला हवी तशी करून देणारं सर्किट) साधारण 41 वॅट घेतो, म्हणजे 12 व्होल्टला सुमारे 3.4 अँपिअर. सुरुवातीच्या काही सेकंदांत हा आकडा दुपटीच्या वर जातो. टॉर्च चालू असताना बॅटरीच्या टोकांवर आणि बॅलास्टच्या इनपुटवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर स्विच, स्प्रिंग किंवा सोल्डरचा एखादा जोड वाटेत वीज खातोय. फरक नाही, पण बॅटरीच 9-10 व्होल्टपर्यंत बसतेय, तर सेल थकलेत. मल्टिमीटर फक्त इनपुटला लावायचा. आउटपुटला सुरू होताना 20 हजार व्होल्टच्या वर झटका येतो; त्यात मीटर तर जाईलच, हातही सापडेल.

दोन पॉवरच्या टॉर्चमध्ये लो मोडवर झोत थोडा निळा पडणारच, तो बिघाड नाही. याउलट 35 वॅटचा बल्ब 50 वॅटच्या बॅलास्टवर चालवला तर क्षारांची वाफ जास्त होऊन झोत पिवळट होतो आणि बल्बचं आयुष्य घटतं. डी2एस बल्बचं चालतं व्होल्टेज 85, डी4एसचं 42. बैठकीची खाच घासून एकाचा बॅलास्ट दुसऱ्याला लावायचा उद्योग करू नये.

रंग फक्त एका बाजूला असेल तर वेगळी तपासणी. टॉर्च त्याच्याच अक्षाभोवती अर्धा फिरवा. पिवळा डाग टॉर्चबरोबर फिरून तिथेच टिकला, तर रिफ्लेक्टर, काच किंवा बल्बची बैठक तपासा. डाग एक-दोन मिनिटांत पुन्हा मूळ जागी सरकला, तर तो नळीच्या तळाशी साचलेल्या वितळलेल्या क्षारांचा. त्यांच्यातून गाळून आलेला प्रकाश पिवळा दिसतो. याला इलाज नाही आणि गरजही नाही. टॉर्च उभा धरल्यावर रंग बदलतो तोही क्षारांनी जागा बदलल्यामुळेच.

पुढची काच बंद टॉर्चमधून काढून कोऱ्या कागदावर धरा. परावर्तनात जांभळी-हिरवी चमक दिसली तर ते कोटिंग आहे, चालेल. कागदच पिवळा दिसला तर काच बदला. काच काढून टॉर्च पेटवू नका. बल्बचं बाहेरचं आवरण तडकलेलं असेल तर मुळीच नाही, कारण आतल्या क्वार्ट्झमधून अतिनील किरण सरळ बाहेर येतात.

हे सगळं ठीक असूनही झोत गुलाबी-जांभळा होत चाललाय, मधूनच विझतो, नळीची टोकं काळी पडलीत किंवा भिंत दुधाळ झालीय? मग बल्ब संपला. सोडियम हळूहळू नळीतून निसटतो आणि रंगातला पिवळा भाग आधी जातो. खात्रीसाठी चांगला चालणारा त्याच जातीचा बल्ब त्याच बॅलास्टवर लावून पाहा, पण आधी सगळं थंड होऊ द्या आणि काचेला बोट लावू नका. नव्या बल्बचा रंगही पहिले काही तास थोडा सरकतो, त्यामुळे दोन टॉर्चची छटा जुळवायची असेल तर तुलना त्यानंतरच करा.