पॉकेट बंद झाल्यावर महापुराचा लेखसंग्रह हलवताना

पंचगंगेच्या महापुरांविषयीचे लेख आणि राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या बातम्या मी अनेक वर्षे पॉकेट या ॲपमध्ये साठवत होतो. २००७ मध्ये ‘रीड इट लेटर’ या नावाने सुरू झालेले आणि २०१७ मध्ये मोझिलाने विकत घेतलेले हे ॲप ८ जुलै २०२५ रोजी बंद झाले. कोल्हापुरात ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी घरोघरी बोलली जाते, नेमक्या त्या दिवसांत मला हा संग्रह अन्यत्र न्यावा लागला.

निर्यात केल्यावर हाती आलेल्या सीएसव्ही (साध्या मजकुरातील तक्ता) फाइलमध्ये शीर्षके, दुवे, टॅग आणि जतन केल्याची वेळ होती. लेखांचा मजकूर मात्र नव्हता. स्प्रेडशीटमध्ये ती उघडताना युटीएफ-८ हा अक्षरसंकेतनाचा पर्याय निवडला नाही, तर देवनागरी शीर्षकांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. वेळेच्या रकान्यात १० आकडी संख्या होत्या. त्या १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांच्या असल्याने ८६,४०० ने भागून आलेले दिवस त्या तारखेत मिळवले, तेव्हा ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील नोंदींचे गठ्ठे स्पष्ट दिसू लागले. पुराच्या अभ्यासात तारखेला मजकुराइतकेच मोल असल्याने हा रकाना मी विशेष जपला.

नव्या जागेसाठी मी वॉलाबॅग हे मुक्तस्रोत ॲप निवडले, कारण ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, लेखाचा मजकूर स्वतःकडे उतरवून ठेवते आणि ईपब (ई-पुस्तक) किंवा पीडीएफ स्वरूपात बाहेरही देते. चालू दुव्यांचे काम लवकर आटोपले. मृत दुव्यांपैकी काही लेख जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या, इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडले. सर्वाधिक कष्ट २००५ च्या पुराच्या बातम्यांसाठी पडले. त्या काळी अनेक मराठी संकेतस्थळे युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या सामायिक अक्षरसंकेतांऐवजी स्वतःचे फॉन्ट वापरत. वाचनासाठीचे ॲप पानाचा फॉन्ट काढून टाकते, त्यामुळे मराठी वाक्यांच्या जागी रोमन अक्षरांची रास उरते. अशा प्रत्येक पानाचा फॉन्ट ओळखून, त्या फॉन्टसाठीच्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागला, आणि तुटलेली जोडाक्षरे हाताने सुधारावी लागली. हे काम किचकट असले, तरी त्या बातम्यांतील गावनिहाय तपशील पाहता ते करायलाच हवे होते.

आता प्रत्येक लेखाची पीडीएफ प्रत, नावात मूळ प्रकाशनाची तारीख घालून, माझ्या हार्ड डिस्कवर आहे. जे लेख कोठेच मिळाले नाहीत, त्यांच्या छापील अंकांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी सुरू केली आहे.