सोलापूर ते बेंगळुरू: एचटी-२ चं माप घ्यायला

मॉडेल बनवण्यासाठी जुन्या विमानांचे प्लॅन जमवणाऱ्या सोलापूरकरांना सोयीची फेरी बेंगळुरूची. उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते. रात्र गाडीत काढायची. उतरल्यावर मेट्रोच्या जांभळ्या लाईननं इंदिरानगर आणि पुढे रिक्षानं एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, हेरिटेज सेंटर, म्हणजे विमानांचं संग्रहालय. सुट्टीचा वार, कॅमेऱ्याचे नियम आणि ट्रायपॉड चालतो का, हे निघायच्या आधी फोनवर विचारून घ्या.

तिथं सगळे मारुत या लढाऊ जेटसमोर फोटो काढत असतात. काढू द्या. आपलं काम एचटी-२ कडे. १९५१ मध्ये उडालेलं, मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉ. वि. मा. घाटगे यांनी आखलेलं हे शिकाऊ वैमानिकांचं विमान. पंखांचा विस्तार १०.७२ मीटर, लांबी ७.५३ मीटर. १/१२ मापात पंख ८९३ मिलिमीटरचा होतो, म्हणजे घरच्या टेबलावर मावणारं मॉडेल.

मासिकांतून फिरणाऱ्या थ्री-व्ह्यूमध्ये (वरून, बाजूनं, समोरून अशी तीन चित्रं) बाह्यरेषा बऱ्या असतात, धडाचे छेद, म्हणजे धड आडवं कापलं तर दिसणारे आकार, मात्र अंदाजपंचे. म्हणून फोटो हवेत, आणि फसगत फोटोतच होते. बाजूनं १० मीटरवरून फोटो घेतला तर जवळचं पंखाचं टोक कॅमेऱ्यापासून जेमतेम साडेचार मीटरवर येतं आणि धडाच्या मानानं दुपटीहून मोठ्या मापात दिसतं. ३० मीटरवरून हाच फरक सव्वापटीच्या आत येतो. तेवढं मागं सरकायला जागा मिळत नाही, तेव्हा पंखाची मापं बाजूच्या फोटोवरून काढूच नका. एक मीटरची, दर १० सेंटिमीटरला काळी-पांढरी रंगवलेली काठी न्या आणि परवानगी घेऊन ती शेपटीच्या चाकाशी, धडाच्या मध्यरेषेत उभी धरा. पंखापुढे धरलेली काठी धडाच्या मापाला कुचकामी.

दुसरी गोची म्हणजे हे विमान शेपटीच्या चाकावर टेकतं, नाक वर. फोटो तसाच ट्रेस केला की पंखाचा बसता कोन (पंख धडाशी ज्या कोनात बसतो तो) चुकतो आणि मॉडेल उडताना सतत नाक उचलतं. आधी धडावरची रिव्हेटची लांब ओळ शोधा, ती थ्री-व्ह्यूमधल्या त्याच ओळीशी जुळेपर्यंत चित्र फिरवा, मगच मापं घ्या. जमीन ही पायारेषा धरू नका. प्रदर्शनातल्या विमानाचे टायर बसलेले असू शकतात. छेदांसाठी नाकासमोरून आणि शेपटीमागून, डोळा धडाच्या मध्याच्या उंचीवर ठेवून फोटो घ्या.

परत आल्यावर प्रिंट. आर्किटेक्ट लोक नकाशे काढतात त्या प्लॉटरवाल्याकडे जा. ‘फिट टू पेज’ बंद आहे ना, हे स्वतः स्क्रीनवर बघा. फाइलमध्ये १०० मिलिमीटरच्या दोन रेघा टाका, एक आडवी, एक उभी, कारण रोल ओढला जातो त्या दिशेची चूक वेगळी असते. रेघ ९९ भरली तर ८९३ च्या पंखात ९ मिलिमीटर गेले. एकाच दिशेला गेले तर गोल भाग अंडाकृती होतो. चादरीची नक्षी ग्राफवर चौकटी मोजून काढणाऱ्या कुणाला हा कागद दाखवा, तो पट्टी न लावताच सांगेल कुठं ताणलंय.

ट्रेसिंग पेपर दमट हवेत फुगतो आणि आपल्या एप्रिलमध्ये आखडतो. मूळ प्रत पॉलिस्टर फिल्मवर ठेवा. जुन्या अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या नकाशाच्या प्रती) उजेडात फिकटतात. हाती आल्या की आधी स्कॅन, मग अंधारात. घडीच्या कागदाला इस्त्री लावू नका, दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर वजन ठेवा.

वाहतुकीला ७५ मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाईप, ९०० मिलिमीटर लांब. ए-झिरो कागदाची ८४१ ची बाजू त्यात निवांत मावते. गुंडाळी रेघांची बाजू बाहेर ठेवून करा, म्हणजे टेबलावर पसरल्यावर कडा वर वळत नाहीत.