यानात स्टेथोस्कोप कशाला?

दिवाळी अंकात माझी कथा आली की कुणीतरी हमखास विचारतं, ‘मंगळावर निघालेल्या यानातली डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप काय घालून फिरते? तोवर सगळं स्कॅनरच सांगणार ना?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सांगेलही स्कॅनर. पण तो बिघडला तर? मंगळ लांबच्या टोकाला असला की पृथ्वीवर निरोप पोचायलाच वीसेक मिनिटं लागतात, उत्तर यायला तेवढीच. दुरुस्तीला माणूस येण्याचा तर प्रश्नच नाही. स्टेथोस्कोपचा जनक, फ्रेंच डॉक्टर लेनेक, याने १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली. त्या युक्तीला अजूनही ना सेल लागतो, ना चार्जर. आजच्या अंतराळ स्थानकावरच्या औषधपेटीतही स्टेथोस्कोप असतो.

पण जुनं दिसेल ते सगळं मी यानात भरत नाही. पाऱ्याचं बीपीचं यंत्र तिथे चालणारच नाही. त्यात दाब तोलला जातो तो पाऱ्याच्या वजनाने. वजनच नसेल तर पारा दाबाला अडवणार कसा? शिवाय नळी फुटली तर त्याचे मणी केबिनभर तरंगणार, आणि ॲल्युमिनियमला तर पारा खातोच. सलाईनची बाटली टांगायची, तर थेंब खाली पडायला आधी ‘खाली’ हवं. बुडबुडेही वर जाऊन बसत नाहीत, द्रवातच राहतात. तिथे पंपाला पर्याय नाही. वजनकाटा बाद. स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर १९७३ साली अंतराळवीराला स्प्रिंग लावलेल्या खुर्चीवर बसवून हलवत आणि एका झोक्याला किती वेळ लागतो त्यावरून वस्तुमान काढत. ही खुर्ची मला इतकी आवडते की गरज नसली तरी कथेत कुठेतरी घुसवते.

स्टेथोस्कोपची खरी अडचण मात्र कुणी विचारत नाही. यानात पंख्यांची घरघर अखंड चालू असते. त्यात फुप्फुसातला बारीक आवाज टिपायचा कसा? पंखा बंद करावा, तर वजनरहित अवस्थेत गरम हवा वर चढत नाही, आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचू लागतो. म्हणून माझी डॉक्टर पंखा थांबवते, भराभर पाठ तपासते आणि लगेच सुरू करते. संपादकांना तो परिच्छेद लांबलेला वाटला होता. मी काढू दिला नाही.