तुम्ही विचारलंत म्हणून: गटाला शिकवायला कुठे शिकलात?

समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून, म्हणजे गावोगावच्या बचत गटांना शिकवायला, नव्याने निवडलेल्या मुली मला हमखास विचारतात, ‘ताई, एवढ्या बायांसमोर न अडखळता बोलायला तुम्ही कुठे शिकलात?’ परवा तुम्हीही तेच विचारलंत. बोलण्याची भीड चार-सहा बैठकांत चेपते, त्याची काळजी करू नका. काळजी त्यानंतरची आहे. भीड चेपली की आपण बोलतच सुटतो आणि बाया ऐकत बसतात.

मी बचत गटांना हिशोब लिहायला शिकवते. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब ही पंचसूत्री बहुतेकींना तोंडपाठ असते. वही मात्र एकटी सचिवच लिहिते. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये गट बँकांना जोडायला सुरुवात केली. आज पहिल्या बँक कर्जासाठी गट किमान सहा महिने नीट चाललेला दिसावा लागतो, आणि तो दिसतो वह्यांतून. सचिव लग्न होऊन किंवा कामासाठी गाव सोडून गेली की वह्या अडतात, त्यांच्यामागे सगळ्यांचं कर्जही.

घटत्या व्याजाचंच घ्या, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवरच लागणाऱ्या व्याजाचं. १०,००० रुपये कर्ज, महिना शेकडा २ रुपये व्याज, दहा हप्ते. हे फळ्यावर सोडवून दाखवलं आणि ‘समजलं का?’ म्हटलं की सगळ्या ‘हो’ म्हणतात. शेजारी सासू किंवा जाऊ बसलेली असताना ‘नाही’ कोण म्हणेल? म्हणून तो प्रश्न मी विचारतच नाही. चार-चार जणींना दहा चिंचोके देते. एक चिंचोका म्हणजे हजार रुपये. पहिल्या महिन्यात दहाही समोर, व्याज २००. एक बाजूला केला, उरले नऊ, व्याज १८०. असं करत शेवटच्या चिंचोक्यावर २०. बेरीज १,१०० रुपये. मग म्हणते, आता दर महिन्याला पूर्ण दहा हजारांवर व्याज लावा. २,००० होतात. हा ९०० रुपयांचा फरक त्यांनी स्वतः काढलेला असतो, त्यामुळे एकच गलका होतो. एखादी पिशवीतून दुसरीकडच्या कर्जाचं कार्ड काढून विचारते, ‘मग हे कुठल्या पद्धतीचं?’ तेव्हा मी गप्प राहते. उत्तर शेजारणीकडून येऊ द्यायचं असतं.

तेवढ्या वेळात माझं लक्ष असतं चिंचोके कोण हलवतंय त्यावर. बहुधा शिकलेली सून सगळं स्वतःकडे ओढते. तिला न दुखावता म्हणायचं, ‘आता तुम्ही फक्त विचारायचं, करायचं त्यांनी.’ दाराशी बसलेली, सही न येणारी बाई आठवडी बाजारात भाजी विकत असेल तर तिचा तोंडी हिशोब सगळ्यांत पक्का असतो. तिला आधी बोलतं करावं. मग बाकीच्यांना चुकायची लाज वाटत नाही. ग्रामीण विकासात सहभागी पद्धती रुजवणारे रॉबर्ट चेंबर्स सांगत, काठी गावकऱ्यांच्या हाती द्या. जमिनीवर गावाचा नकाशा काढताना काठी साहेबाच्या हातात राहिली, तर नकाशात साहेबाला दिसलेलंच गाव उतरतं. आमच्याकडे काठीच्या जागी पेन आहे.

सरावाचं विचाराल तर आधी एखाद्या चांगल्या प्रशिक्षिकेच्या मागे बसा. ती काय बोलते ते उतरवू नका. ती कधी थांबते, कुणाकडे बघते, कोण दिवसभरात एकदाही बोललं नाही, ते टिपा. मग वीस मिनिटांचा एकच भाग स्वतः घ्या आणि मैत्रिणीला तुमच्यासाठी तेच टिपायला सांगा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता सोसणं मला भाषणापेक्षा अवघड गेलं, आजही जातं. तयारी म्हणून मी कागदावर एकच ओळ लिहिते: उठून जाताना बायांना काय करता आलं पाहिजे. ते ठरलं की निम्मे मुद्दे आपोआप गळतात. पेरणी-काढणीच्या दिवसांत प्रशिक्षण ठेवू नका, आणि शाळा सुटायच्या आत संपवा.

प्रशिक्षण झाल्यावर गटाच्या पुढच्या बैठकीला मी जातेच. रोखकीर्दीतली, म्हणजे रोख जमाखर्चाच्या वहीतली, शिल्लक पेटीतल्या पैशांशी जुळते का आणि वहीत किती जणींची अक्षरं आहेत, ते बघते. अजून एकीचंच अक्षर असेल तर त्या दिवशीच्या नोंदी दुसरीकडून लिहून घेते, सचिवाला तिच्या शेजारी बसवून. तुमच्या प्रभागात पुढचं हिशोब प्रशिक्षण लागलं की मला कळवा. तुम्ही घ्या, मी मागे बसून टिपते.