नावाच्या रकान्याचा रेजेक्स: ‘ऱ्ह’चं कोडं सुटलं, आता आराखडाच बदलतोय

फॉर्ममधल्या नावाच्या रकान्यात काय चालेल हे ठरवणारा रेजेक्स, म्हणजे मजकूर ताडून पाहणारा पॅटर्न, मी लिहितोय. काल रात्री त्यात ‘गोऱ्हे’ अखेर पास झालं! दोन्ही ‘गोऱ्हे’.

मागच्या नोंदीनंतर पॅटर्न पुरा झाला असं मी धरून चाललो होतो. ए ते झेड काढून युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) ‘लेटर’ म्हणजे अक्षरांचा वर्ग घातला होता. मात्रा आणि हलन्त अडत होते म्हणून ‘मार्क’ वर्गही जोडला होता (युनिकोडच्या हिशेबी ती अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत). चाचण्या सगळ्या हिरव्या. मग तेच आडनाव एकदा टाइप केलं, एकदा जुन्या फाइलीतून चिकटवलं. एक पास, एक नापास, आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब.

तीन संध्याकाळी त्यात गेल्या. फॉन्ट बदलला, एनएफसी (युनिकोडला समतुल्य वाटणारी रूपं एकसारखी करणारी प्रक्रिया) लावलं, ढिम्म. शेवटी एकेक कोडपॉइंट, म्हणजे चिन्हाचा युनिकोड क्रमांक, छापला तेव्हा उलगडलं. एकीकडे ०९३१ म्हणजे ‘ऱ’, मग हलन्त. दुसरीकडे साधा ‘र’ म्हणजे ०९३०, हलन्त, आणि त्यामागे लपलेला २००डी, शून्य रुंदीचा, न दिसणारा जॉइनर. हा जॉइनर ना लेटर ना मार्क, तो ‘फॉरमॅट’ वर्गातला. शिवाय युनिकोड ही दोन रूपं समतुल्य मानत नाही, मग एनएफसी ती जुळवणार कशी? जॉइनर फक्त हलन्तानंतर चालेल अशी लुकबिहाइंड (आधी काय आलंय ते पाहणारी अट) घातली आणि दोन्ही हिरवी झाली. केवढं हायसं वाटलं!

तोच पॅटर्न वेबपानाच्या एचटीएमएलमध्ये, रकान्याच्या ‘पॅटर्न’ ॲट्रिब्यूटमध्ये टाकला, तर आकडेसुद्धा खपू लागले. नवे ब्राउझर तो ‘व्ही’ फ्लॅगने, म्हणजे जास्त कडक नियमांनी वाचतात. चौकटी कंसातला मोकळा हायफन तिथे चूक ठरतो आणि अख्खा पॅटर्न बाद होतो, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) काय ती एक ओळ. हायफनआधी बॅकस्लॅश दिला, मिटलं. ऑनलाइन टेस्टरवर माझा आता भरवसा नाही. पॅटर्न जिथे चालणार तिथेच तपासावा.

पण हे लिहिता लिहिता वाटतंय, परवानगीची यादी हा रस्ताच सोडावा. काही कीबोर्ड सरळ अपॉस्ट्रॉफीऐवजी वळलेली, क्रमांक २०१९ ची, घालतात. ती जोडली की इनिशियलनंतरचा टिंब दारात उभा. स्वतःचं नाव लिहिणाऱ्याला ‘अवैध नाव’ असं सांगणं मला आता सहन होत नाही. त्यापेक्षा रिकामा रकाना, कंट्रोल वर्ग (न दिसणारी नियंत्रक चिन्हं) आणि दिशा उलटवणारं २०२ई एवढंच अडवतो, कडेच्या स्पेस छाटतो. फॉरमॅट वर्ग सरसकट बंद करून चालणार नाही, जॉइनर पुन्हा मरेल. नाव साठवायचं जसंच्या तसं; शोधासाठी मात्र जॉइनरवालं रूप ‘ऱ’मध्ये बदलून वेगळी की, म्हणजे शोधापुरतं रूप. आज रात्री ‘कुऱ्हाडे’पासून सुरुवात.