आधी तुम्ही काढा

विद्यार्थ्यांसाठी वेबवर काही बनवताना माझा एक हट्ट असतो: उत्तर आधी दिसता कामा नये. नुसता स्लायडर हातात दिला की मुलं तो इकडून तिकडे सरकवतात, आकृती हलते, छान वाटतं आणि टॅब बंद होतो. डोकं लावायची वेळच येत नाही.

म्हणून माझ्या बीमच्या (तुळईच्या) टूलमध्ये सुरुवातीला कोरा आलेख येतो. ४ मीटरचा बीम, दोन्ही टोकांना साधा सपोर्ट (टोक नुसतं टेकलेलं, वळायला मोकळं), डावीकडून १ मीटरवर १० किलोन्यूटनचा लोड. बेंडिंग मोमेंट डायग्राम, म्हणजे बीमला कुठे किती वाकवणारा परिणाम (मोमेंट) बसतो त्याचा आलेख, बोटाने किंवा माउसने काढायचा. तोवर 'तपासा' हे बटण चालत नाही. बरेच जण शिखर बीमच्या मध्यावर नेतात, कारण मध्यावरच्या लोडचं गणित इतकं घोटलेलं असतं. मग खरी रेषा त्यांच्या रेषेवर येऊन बसते: शिखर लोडच्या बरोबर खाली, ७.५ किलोन्यूटन-मीटर. स्वतः काढलेली रेषा शेजारीच असल्यामुळे फरक कुठे पडला ते कुणाला सांगावं लागत नाही. स्लायडर त्यानंतर मिळतो. लोड मध्यावर आणला की मोमेंट १० वर जातो.

माझा लाडका भाग मात्र पुढचा. बीम सगळ्यात जास्त कुठे वाकतो? 'लोडखाली' हे उत्तर हमखास येतं. लोड १ मीटरवर असताना ती जागा असते १.७६ मीटरवर! लोड टोकाकडे कितीही ढकला, ती १.६९ मीटरच्या अलीकडे येतच नाही. सगळं वाक काढायच्या सूत्रात आहेच, पण लोड पुढे निघून गेला तरी सर्वात जास्त वाकलेली जागा दाखवणारा लाल ठिपका जागचा फारसा हलत नाही, हे पाहिलं की मुलं आपणहून सूत्र उघडतात.

वाक कितीपट वाढवून दाखवलाय, हे मी आकृतीवरच ठळक लिहितो. शेजारी 'खऱ्या मापात' असं बटण आहे. ते दाबलं की बीम जवळजवळ सरळ होतो. हे बटण काढू नका, असं मी अशी टूल्स बनवणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. नाहीतर खरे बीम रबरासारखे लवतात, अशीच समजूत होऊन बसते.

सध्या दोन्ही टोकं जखडलेल्या बीमवर काम चालू आहे. तोच १० किलोन्यूटन मध्यावर ठेवला तर मोमेंट मध्ये ५ आणि दोन्ही टोकांनाही ५, फक्त चिन्ह उलटं. टोकाशी बहुतेक जण साध्या सपोर्टसारखा शून्यच काढतील, असा माझा अंदाज आहे.