सोयाबीनचे पान आणि मधली प्रथिने

इंदूरभोवतीच्या सोयाबीनवर श्रावणात ऊन कधी टिकत नाही. ढग सरकला की पान एकदम झळझळीत उन्हात येते आणि लगेच पुन्हा झाकोळते. प्रकाशसंश्लेषणातील 'प्रकाशप्रणाली दोन' या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनसंकुलाच्या दुय्यम प्रथिनांविषयी वाचताना मला हीच शेते आठवतात.

पाठ्यपुस्तके गाभ्यातील डी-१ व डी-२ ही प्रथिने आणि बाहेरची प्रकाशग्राही त्रिकुटे (तीन-तीन प्रथिनांचे गट) एवढ्यावर भागवतात. या दोहोंच्या मधे सीपी-२९, सीपी-२६ आणि सीपी-२४ ही प्रथिने एकेकटी बसलेली असतात, आणि त्रिकुटांनी टिपलेली ऊर्जा बरीचशी त्यांच्यातूनच गाभ्याकडे जाते. पालकाच्या सीपी-२९ची स्फटिकरचना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यात हरितद्रव्याचे १३ रेणू आढळले. त्रिकुटातील प्रत्येक घटकात ते १४ असतात, म्हणजे फरक नगण्यच.

तिघांत सीपी-२४ सर्वांत विलक्षण आहे. क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालात ते नसते, स्प्रूस आणि पाइन वृक्षांतही नसते, आणि तरीही त्यांचे चालते. अराबिडोप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपातून मात्र ते काढून टाकले, तर त्रिकुटांपैकी एक गाभ्याला नीट जोडलेच जात नाही आणि रोपाची वाढ खुंटते. सीपी-२६ नसल्याने त्या मानाने फारसे बिघडत नाही.

याच कुळातले पीएसबीएस हे प्रथिन रंगद्रव्य बाळगत नाही. कडक उन्हात थायलॅकॉइडच्या (हरितलवकातील पटलाच्या पिशवीच्या) आत आम्लता वाढली की ती ओळखून जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून द्यायला ते मदत करते. ते नसलेली अराबिडोप्सिसची रोपे स्वीडनमध्ये तपासली गेली तेव्हा (२००२) स्थिर प्रकाशात त्यांच्यात काहीच उणे दिसले नाही. उघड्यावर आणि बदलत्या प्रकाशात मात्र त्यांना बिया कमी धरल्या. प्रयोगशाळेच्या दिव्याखाली हे प्रथिन निरुपयोगीच ठरले असते!

अडचण अशी, की ढग आल्यावरही ही उधळण लगेच थांबत नाही. ती लवकर थांबावी म्हणून पीएसबीएस आणि झियाझँथिन या उधळणीला मदत करणाऱ्या रंगद्रव्याच्या चक्रातील दोन विकरे (एन्झाइम) वाढवलेल्या तंबाखूचे वजन सुमारे १५ टक्के अधिक भरले (२०१६). पुढे इलिनॉयमध्ये सोयाबीनवरही हाच प्रयोग झाला. एका हंगामात दाणे वाढले, पण पुढच्या हंगामात वादळाने पीक आडवे पडल्यावर लक्षणीय वाढ दिसली नाही. माळव्यातही पीक आडवे पडणे नवे नाही, त्यामुळे त्या टक्केवारीवरून इथल्या बिघ्यामागे क्विंटलांचा हिशेब मांडणे मला घाईचे वाटते.